चारशे करंज्या आणि एक तुपाचा डबा

नातीने दूध सोडलं तेव्हा सगळ्यांत जास्त मीच हसले होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं, म्हातारी पहिल्यापासूनच मोठी समंजस.

"दूध नाय, दही नाय, तूप नाय, मधसुद्धा नाय," मी म्हटलं. "मग देवाला नैवेद्य कशाचा गो दाखवणार? नळाच्या पाण्याचा?"

ही माझ्या लेकीची लेक. रोह्याला राहते, तिथल्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टला जाते. थेंब मोजून मोजून तिचा स्वभावही तसाच झालाय, बोलते कमी आणि मोजून. काळ्या चहाचा घोट घेत ती एवढंच म्हणाली, "आजी, नारळाला विसरलीस तू."

मला उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही की मी चिडते, आणि चिडले की स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवते. ही जुनी खोड.

दोनेक वर्षांनी तिचं लग्न ठरलं, गागोद्याच्या बाजूच्या एका घरात. भात आणि वाल पिकवणारी माणसं, गोठ्यात तीन म्हशी. बोलणी करायला सगळे रोह्याला जमलो, तेव्हा मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवत मोकळेपणाने विचारलं, "मुलगी गुणाची हाय, त्यात वाद नाय. पण आमच्याकडे दिवस उजाडतो तो दुधाच्या चरवीच्या आवाजाने. ही आमच्यात रमायची कशी?"

लेक काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात नात बोलली. "साखरपुड्याचा फराळ आमच्याकडे आहे. त्यात दुधातुपाचा एक थेंब नसेल. दोनशे माणसांत एकालाही तुपाची आठवण झाली, तर लग्नाचं जेवण तुम्ही म्हणाल तसं. बासुंदी म्हणाल तर बासुंदी. आणि तुमच्या घरी मी दुधाचा चहा पिईन."

"आणि नाय झाली तर?"

"तर जेवण माझ्या मनासारखं. आणि दुधासाठी मला पुन्हा कोणी आग्रह करायचा नाही."

"ठरलं," विहीणबाई म्हणाल्या आणि हसल्या. मग सगळेच हसले. मी नातीच्या शेजारी बसले होते. वर तोंडाने ती ऐटीत बोलत होती आणि खाली माझ्या पदराचं टोक पिळून पिळून तिने त्याची दोरी करून टाकली होती.

पाहुणे गेल्यावर लेकीने तिला फैलावर घेतलं. रोह्याच्या आचाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "करंजी तुपाशिवाय करून देतो, पण खुसखुशीत होईल असं मी बोलत नाय हां, आधीच सांगतो."

"मी करते," मी म्हटलं.

लेकीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी सत्तरीची नसून सात वर्षांची आहे. "आई, तू मध्ये पडू नकोस. मागचं आठवतंय ना?"

मला न आठवायला काय झालं? घरात पन्नास वर्षं कोणी विसरूच दिलेलं नाही.

माझं माहेर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचं. वडील मिठागरात. मिठाच्या राशींवर खेळत वाढले मी. लग्न होऊन पेणला आले तेव्हा वीस वर्षांची होते, आणि डोक्यात एवढी हवा होती की वेणी सरळ खाली कशी लोंबायची देव जाणे. दोन वर्षांत माझ्या नणंदेचा साखरपुडा ठरला. मी पुढे होऊन जाहीर केलं, की शंभर माणसांच्या अळूवड्या मी एकटी करणार, त्याही आदल्या दिवशी. सासूबाई म्हणाल्या, "अगो, मिठाचा अंदाज घे नीट." मी काय म्हणावं? "मिठागरवाल्याच्या लेकीला मीठ शिकवता?"

आमच्याकडे मीठ मुठीने घालत. पण माहेरचं मीठ खड्यांचं, जाड. मुठीत खडे कमी आणि फटी जास्त. सासरी आलेलं मीठ दळलेलं, बारीक. तीच मूठ, पण गच्च भरलेली. हा फरक एखाद्या आंधळ्यालाही हाताला कळला असता. मला नाही कळला, कारण मी त्या वेळी आरशात बघत असणार. आणि पहिलं ताट देवाला दाखवायचं म्हणून कोणी चाखूनही पाहिलं नाही. उष्टं कसं करायचं?

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि मांडवात शांतता पसरली. मग जो तो पाणी मागायला लागला. दोन पिंपं संपली. आमच्या विहिरीला तेवढ्या दिवसापुरती ओहोटी लागली. मी काय केलं? खाली मान घालून माफी मागितली? छे! मी ठणकावून सांगितलं, "पेणचं पाणीच खारट, त्याला मी काय करणार?" तेच पाणी पिऊन लोक जगत होते, त्यांच्यासमोर! होणाऱ्या जावयांनी मात्र मुकाट्याने सहा वड्या खाल्ल्या. नणंद आजही म्हणते, "तिथेच मी ओळखलं, हा माणूस संसारात टिकणार."

नणंदही आता रोह्यालाच असते. मी काही करतेय म्हटलं, की तिचा एकच प्रश्न, "वैनी, पाणी घरून आणू ना?"

तर या वेळी मी हवेत हात फिरवले नाहीत. मी चाळीसेक वर्षं पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम केलं आहे. तिथे एक मूर्ती पुरी करून मग दुसरी कोणी हातात घेत नाही. शंभर मूर्तींना आधी पांढऱ्या रंगाचा हात, मग शंभरांना अंगाचा रंग, मग शंभर पितांबर. आणि सगळ्यांत शेवटी डोळे. डोळ्यांना एकच माणूस, तो दुसरं काही करत नाही आणि त्याच्याशी कोणी बोलतही नाही. घाऊक कामाचं गुपित एवढंच. मुलाबाळांचे वाढदिवस, बारशी करताना लोक एकेक पदार्थ नटवत बसतात आणि पाहुणे आले की रडतात. मी तरुणपणी तशीच. एकेक करंजी कातणीने कातून, लांब धरून, मान तिरकी करून बघायची. दहा करंज्यांत सकाळ संपायची.

कारखान्यातली माझी जोडीदारीण पेणला रामवाडीत माझ्या शेजारीच राहते. मी तिला म्हटलं, "चारशे करंज्या, चाळीस अळूचे उंडे आणि पाच पराती खांडवी. येतेस?"

"मूर्ती नायत ना?"

"नाय."

"मग डोळे कोण करणार?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची कवळी निसटली.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. कारखान्याच्या शेडमधल्या मांडण्या रिकाम्या पडल्या होत्या. मालकाने दोन दिवस वापरायला दिल्या. आम्ही त्या धुतल्या, त्यावर केळीची पानं अंथरली. करंज्यांत सारण वालाच्या डाळिंब्यांचं घालायचं ठरवलं. वाल विहीणबाईंनीच बोलणीच्या दिवशी आणले होते, स्वतःच्या शेतातले, मुलीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून. रविवारी संध्याकाळी साखरपुडा. बुधवारी वाल भिजले, शुक्रवारी मोड आले. सोलताना जोडीदारणीची बोटं माझ्यापेक्षा जलद चालली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पण करंजीची पारी! आठवडाभर आधी मी तेलाचं मोहन घालून दहा करून पाहिल्या होत्या. गरम असताना बऱ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक फरशीवर पडली, तर फरशीने आवाज केला, करंजीने नाही. आणि आम्हाला आदल्या दिवशी अर्धवट तळून, हॉलवर पुन्हा तळून द्यायच्या होत्या. दगडाला कितीही तळा, दगडच.

शुक्रवारी दुपारी लेक रोह्याहून गाडीने मदतीला आली. पिशवीतून तिने तुपाचा एक डबा काढला, दोन किलोचा, सीलबंद, आणि माझ्या ओट्यावर ठेवला.

"हे काय गो?"

"पारीत घाल. कोणाला कळणार आहे?"

"तुझ्या लेकीने शब्द दिलाय."

"म्हणूनच," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चिरकला. "दोनशे माणसांत तिचं हसं झालं, तर आयुष्यभर सासरी ऐकून घेईल ती. तू ऐकून घेतेस ना अजून? एक दिवस तूप पोटात गेलं तर काय मरते का? तिला सांगायचंच नाही." आणि ती केळीची पानं आणायला बाजारात निघून गेली.

मी आणि डबा, दोघंच उरलो. खोटं सांगत नाही, मी सीलाखाली नख घातलं. वीस वर्षांची ती मिठागरवाली असती, तर एव्हाना अर्धा डबा पिठात गेला असता, आणि वर तिने शपथ घेऊन सांगितलं असतं, की हे पेणच्या हवेमुळे खुसखुशीत होतं. तिला मी चांगली ओळखते. पाणी खारट म्हणून सांगणारी तीच ती.

मला वाईट कशाचं वाटलं सांगू? वड्या खारट झाल्याचं नाही. पन्नास वर्षं लोक हसले त्याचंही नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले आणि सगळ्यांना ते कळलं, याचं. नातीला फसवून जिंकून दिलं असतं, तर ती जिंकली नसती. मी पुन्हा एकदा पाण्याला खारट म्हटलं असतं, एवढंच.

नख काढलं. डबा उचलून मागच्या फळीवर ठेवायला गेले, तर फळीवर नारळ. सहा नारळ, तांदळाच्या रव्याच्या गोड खांडवीसाठी आणलेले, शेंड्या वर करून माझ्याकडे बघत होते. नारळाला विसरलीस तू, असं ती म्हणाली होती. दोन वर्षांपूर्वी मला न सुचलेलं उत्तर तिथे फळीवर बसलं होतं.

नारळ फोडले, घट्ट दूध काढलं. मोहन तेलाचंच, पण धूर येईपर्यंत तापवलेलं. पीठ पाण्याने न भिजवता नारळाच्या दुधात भिजवलं. पोळ्यांना तेल आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावून थरावर थर ठेवले, गुंडाळी केली, कापली, लाटली. पहिली करंजी तळून मी कानाजवळ मोडली. तो आवाज ऐकून लेक दारातच पानं घेऊन थांबली. तिला वाटलं, तूप घातलं. मी काही बोलले नाही. म्हातारीलाही करमणूक लागते.

शनिवारी सकाळी नात आली, हातात एक छोटा वजनकाटा. "आजी, मीठ मी घालणार. ग्रॅमवर."

माझा हात आपोआप मिठाच्या बरणीवर गेला. मिठागरवाल्याची लेक मी! जोडीदारीण गालात हसून म्हणाली, "डोळे एकाच माणसाने करायचे असतात ना गो?" झालं. मी बरणी नातीकडे सरकवली. माझ्या आयुष्यात मी एवढी जड वस्तू सरकवलेली नाही, आणि आत फक्त मीठ होतं.

तेवढ्यात फोन आला. विहीणबाई म्हणत होत्या, "फराळाचं पहिलं ताट आमच्या देवाला दाखवू हां. तेवढं कोणी चाखू नका." पुन्हा तेच! चारशे करंज्यांचं सारण, चाळीस उंड्यांचं बेसन, आणि चव बघायची नाही.

नातीने माझं तोंड पाहिलं. "काय झालं?"

"चाखायचं नाय म्हणे."

तिने एक वाटी घेतली, कच्च्या बेसनातलं, सारणातलं, खांडवीच्या रव्यातलं पहिलं थोडं थोडं बाजूला काढलं, झाकलं आणि म्हणाली, "हे देवाचं. आता उरलेलं चाख."

एवढंच? आधी देवाचं काढून ठेवायचं, एवढंच? दोन पिंपं पाणी, आटलेली विहीर, पन्नास वर्षांचे टोमणे, आणि उपाय एक वाटी? मी स्वतःच्या कपाळावर हात मारला, बेसनाचाच.

मग आम्ही चौघी कामाला लागलो. कारखान्यासारखं. पीठ मी पहाटेच एकटीने भिजवून ठेवलं होतं, लेक फक्त लाटत होती. जोडीदारीण फक्त सारण भरत होती. मी फक्त दुमडून कातत होते, मान तिरकी न करता. नात वजन करत होती आणि तिच्याशी बोलायची कोणाला परवानगी नव्हती. अळूचे उंडे वाफवून मांडण्यांवर उघडे ठेवले. गरम असताना झाकले, की घाम येऊन आंबतात. चार वाजेपर्यंत जिथे गणपती रांगेने बसतात, तिथे करंज्या रांगेने बसल्या होत्या, पांढऱ्या, अर्ध्या तळलेल्या. जोडीदारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यांना आता पितांबर नेसवायचा बाकी हाय."

रविवारी सकाळी मूर्ती पोचवणाऱ्याच टेम्पोतून सगळं रोह्याला नेलं. चालकाला पेंढ्यात मूर्ती बांधायची सवय, त्याने डबेही तसेच बांधले. हायवेवरच्या खड्ड्यांतून गाडी अशी नेली, जणू आत गणपतीच आहेत. एकही करंजी मोडली नाही. माझी कंबर मोडली, पण तिला कोणी पेंढ्यात गुंडाळलं नव्हतं. तुपाचा डबा मी माझ्या पिशवीत घातला होता. लेकीची वस्तू लेकीला परत द्यायला, असं म्हणू या.

हॉलवर नणंद आली ती काखेत दोन लिटरची पाण्याची बाटली घेऊन. सगळ्यांना दिसेल अशी ती टेबलावर ठेवून म्हणाली, "मी तयारीनिशी आलेय, वैनी."

"बसा वन्सं," मी म्हटलं.

अंगठ्या घालून झाल्या. देवाला ताट दाखवलं. मग गरम अळूवड्या, करंज्या, खांडवीचे तुकडे आणि कोकम सरबत निघालं. पहिल्या पाच मिनिटांत हॉल गप्प झाला. ती शांतता मला ओळखीची होती. पण पाणी कोणी मागितलं नाही. कोणीतरी "करंज्या इकडे आणा" म्हणून ओरडलं, आणि मग गलका सुरू झाला.

विहीणबाईंनी एक करंजी खाल्ली. दुसरी मोडून बोटांनी पारी चुरून पाहिली. तिसरी हातात धरून त्या उठल्या आणि थेट नातीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"थेंब नसेल म्हणालेलीस ना?"

"हो."

"बाई, मी जन्मभर तूप कढवलंय. तुपाशिवाय अशी पारी होत नाय. आमच्यासमोर हरली असतीस तरी चाललं असतं. पण फसवणूक?"

आजूबाजूचे थांबले. नात पांढरीफटक पडली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. आणि लेकीने? लेकीने खाली पाहिलं. तिच्या मनात चोर होता ना! तो विहीणबाईंच्या नजरेतून सुटला नाही. "बघा," त्या म्हणाल्या, "आईचं तोंडच सांगतंय."

"आई..." लेक पुटपुटली.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी घाईने केल्या आहेत. ही मुद्दाम सावकाश केली. पिशवी मांडीवर घेतली. गाठ सोडली. डबा काढला आणि टेबलावर, नणंदेच्या बाटलीशेजारी ठेवला.

"हे तूप माझ्या लेकीने आणलं होतं," मी म्हटलं. "पोरीच्या काळजीने. आई आहे ती. आता झाकण बघा."

विहीणबाईंनी डबा उचलला. गोल फिरवला. सील जागच्या जागी. एका कडेला माझ्या नखाची बारीक खूण होती, तीही मी दाखवली. "इथे माझा जीव खाली-वर झाला होता. लपवत नाय."

"मग ह्यात हाय तरी काय?"

"नारळाचं दूध. आणि तुमच्या शेतातले वाल."

"आमचे?" त्यांनी हातातली करंजी डोळ्यांजवळ नेली. "आमच्या वालाची करंजी?" मग ती तोंडात टाकली, डोळे मिटून सावकाश चावली, आणि भरल्या तोंडानेच नातीचा हात धरला. "चुकलं माझं. लग्नाचं जेवण तुझ्या मनासारखं. दुधाचं नावसुद्धा कोणी काढणार नाय, मी बघते. फक्त ह्या करंज्या हव्यात. आणि आजींनीच करायच्या."

"मिठाला तुमची सून लागेल," मी म्हटलं. "माझा हात जड हाय."

नणंद खो खो हसली. तिची बाटली भरलेली तशीच होती. ती माझ्यासमोर सरकवून म्हणाली, "घे वैनी, तूच पी. आज बोलून बोलून घसा सुकला असेल तुझा." मी अर्धी बाटली तिथेच संपवली. इतकं गोड पाणी मी रोह्यात कधी प्यायले नव्हते. जाताना तिने आठ करंज्या रुमालात बांधल्या. मी बघितलं, हे तिला कळलं. तिने आणखी दोन घेतल्या.

लेक डब्याकडे बघायलाही तयार नव्हती, त्यामुळे डबा माझ्याबरोबर पेणला परत आला. सोमवारी नातीची सुट्टी होती, तीही मागे आली, भांडी परत करायला. दुपारी मी गरम भात वाढला, त्यावर वरण, आणि मग कडेच्या त्या जुन्या खुणेतून नख घालून टर्रकन सील फाडलं. दोन चमचे तूप. रवाळ होतं.

"आजी!" नात ओरडली.

"काय आजी? शब्द तुझा होता, माझा नव्हता. तुला नारळाची चटणी वाढू का?"

ती हसायला लागली. चटणीला मीठ कमी होतं, असं ती म्हणाली. मी बरणी तिच्यापुढे सरकवली.